बॉयलरवाल्या लडकूचा बॅज

लडकू मोरीत वाकून खोकायला लागला की अख्ख्या गल्लीला कळतं, सात वाजले. जे काही बाहेर पडतं ते काळं असतं. ते टाकून झालं की तोंड पुसत तो बायकोला हाक मारतो, "चंद्रे, चाय टाक. आजचा कोलसा पडला."

छत्तीस वर्षं तो भिवंडीत सायझिंगच्या बॉयलरवर आहे. सायझिंग म्हणजे लूमवर चढायच्या आधी सुताला खळ पाजायची जागा. खळ प्यालेलं ओलं सूत तापल्या ड्रमवरून सुकत पुढं सरकतं, ड्रम तापतो वाफेवर, आणि वाफ करतो लडकू. कोळसा असला तर कोळसा, नाहीतर लाकूड, आणि मालकाचं मन झालं तर चिंध्या, फाटकी पोती, वर प्लास्टिकही. भट्टीला दिलं ते ती खाते, आणि खाल्लेलं धुराड्यातून आमच्या गच्च्यांवर परत देते.

मूळचा तो अंजूरचा. खाडीच्या अंगाला बापाचं भाताचं खाचर होतं, तिथं आता गोदाम उभं आहे. लडकू त्यासाठी डोळे गाळत नाही. "भाताला कोन इचारतंय? तिथं आथा मोबाईल पिकतान," म्हणतो आणि विडी शोधतो. अंगानं आखूड, दंड मात्र पोत्यासारखे भरलेले. भुवया भट्टीनं कधीच्याच जाळून टाकल्यात, त्यामुळं तो सदा अचंबा वाटल्यासारखा दिसतो. त्याला अचंबा मात्र आयुष्यात एकदाच वाटला, पोरगी तारापूरला लागली तेव्हा.

रुचिका त्याची एकुलती. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला, परीक्षा दिली, आणि तारापूरच्या अणुवीज केंद्रात ट्रेनी टेक्निशियन म्हणून लागली. बोईसरला खोली घेऊन राहते, पंधरा दिवसांनी घरी येते. पहिल्यांदा आली तेव्हा लडकूनं जेवता जेवता विचारलं, "तिथं करतंस तरी काय?"

"पाणी तापवतात बाबा. त्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं, वीज होते. मी ते मोजायचे मीटर सांभाळते."

"वाफच करतान?"

"वाफच."

लडकूनं भाताचा घास तसाच हातात धरला. "म्हंजे तू पन बॉयलरवालीच! चंद्रे, ऐकलंस का? माज्याच धंद्याला गेली ही. आनि कोलसा?"

"कोळसा न्हाय. धुराडं आहे, पण धूर न्हाय."

मग तिनं बॅजचं सांगितलं. आत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर बॅज लावतात. अंगाला किती किरण लागले ते त्यात उतरतं, महिन्याला तो वाचतात, नावावर लिहून ठेवतात. आकडा ठरल्या हद्दीकडं सरकला तर माणसाला तिथून हलवतात. लडकू ऐकत राहिला. घास गार झाला.

"आनि माजा बॅज कुठं हाय?" त्यानं विचारलं.

पोरीनं त्याच्या ताटात गरम भात वाढला.

दुसऱ्या दिवशी लडकूनं शेजारच्या लूमवरून ताग्याच्या टोकाचा पांढरा कपटा मागून घेतला, चार बोटांएवढा कापला आणि सेफ्टी पिननं खिशावर टाचला. पाळी सुटताना पाहिला तर कपटा करडा. चिंध्या जाळल्या त्या दिवशी काळा. घरी येऊन त्यावर बॉलपेननं तारीख घातली आणि सुतळीत ओवून भिंतीच्या खिळ्याला लावला. रोज नवा कपटा. जुना धुऊन परत वापरायचा नाही.

सायझिंगवरचे भय्ये हसले. "क्या लडकूचाचा, इलेक्शन में खड़े हो?"

"खड़ा हूँ ना. तुम्हारे फेफड़े की तरफ से," लडकू म्हणाला आणि फावडं उचललं.

मालकानं एकदा पाहिलं आणि म्हणाला, काढ ते, इन्स्पेक्टर आला तर काय वाटेल. लडकू म्हणाला, "शेट, त्याला वाटलं पायजे म्हनूनच लावलाय." बॉयलरवर टिकणारा माणूस मिळत नाही, म्हणून मालकानं गिळलं.

असं वर्ष गेलं आणि रुचिकाचं लग्न ठरलं. मानकोलीचे केसरीनाथ, रस्त्याकडेची जमीन गोदामवाल्यांना भाड्यानं दिलेला माणूस, गळ्यात बोटाएवढी चेन. त्यांचा मुलगा हितेश एका गोदामात सुपरवायझर. पोरं एकमेकांना आवडली होती. साखरपुडा झाला, हळद वैशाखात धरली. तोवर सगळं सुरळीत होतं. मग मानकोलीत कुणीतरी कुणालातरी म्हणालं की केसरीनाथाची सून अणूच्या कारखान्यात आहे, आणि अणू अंगाला चिकटून घरी येतो.

इथं ठकुबाईची ओळख दिली पाहिजे. लडकूची थोरली बहीण, आणि धवलारीन. आमच्या लग्नात मांडवाची मालकीण तीच असते. देवांना, पितरांना नाव घेऊन घेऊन ती मांडवात बोलावते. तिच्या तोंडून धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, निघाल्याशिवाय हळद अंगाला लागत नाही. अंजूरपासून मानकोलीपर्यंत ठकुबाईनं न गायलेला मांडव शोधावा लागेल. म्हणूनच मानकोलीच्या बायकांनी निरोप तिच्याकडंच दिला: रुखवताच्या पापडाला पोरीचा हात लागू देऊ नका.

ठकुबाईला ते पटलं. ती आजही सरळच सांगते, पटलं होतं म्हणून. पापड लाटायच्या दिवशी भावकीतल्या दहा-बारा बायका जमल्या, उडदाचं पीठ कुटून झालं, लाट्या पाडल्या. रुचिका खास रजा घेऊन आलेली. तिनं पदर खोचला आणि पोळपाट ओढला तशी ठकुबाई म्हणाली, "बाय, तू नको. तू बस तिकडं."

"का गं आते?"

"लग्नाची पोर दमल."

"दमायला मी काय बैल आहे? खरं सांग."

ठकुबाई खोटं बोलण्यात कच्ची. "तुज्या हाताला ते असल ना. अणू. मानसं खातीन ते पापर."

रुचिकानं दोन्ही हात पुढं करून उलटे-सुलटे दाखवले, मग जाऊन पायरीवर बसली. तिथं बसून तीन तास तिनं पापड मोजून दिले, हात न लावता, बोटानं हवेत. लाटलेले पापड बायकांनी गच्चीवर नेले आणि पांढऱ्या लुगड्यावर पसरले. गच्चीसमोर लडकूच्या सायझिंगचं धुराडं. त्याच्या मागं आणखी तीन.

संध्याकाळी पापड गोळा करायला गेल्या तर प्रत्येकावर काळे ठिपके, तीळ लावल्यासारखे. बायकांनी रोजच्या सवयीनं एकेक पापड मांडीवर झटकला, फुंकला, डब्यात टाकला. कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडं पापड असाच होतो.

रुचिका मात्र डब्यात वाकून बघत राहिली आणि मग एवढं हसली, एवढं हसली, की चंद्राला वाटलं पोरीचं डोकं फिरलं.

दोन दिवसांनी, रविवारी दुपारी, केसरीनाथ हितेशला घेऊन आले. लडकूला तेव्हाच कळलं. देण्याघेण्याचं बोलायचं तर बायकामाणसं येतात, पोराला घेऊन बाप आला की अट असते. ठकुबाई होतीच. चंद्रानं चहा केला, सोबत पापड तळले.

"लडकूदादा," केसरीनाथ म्हणाले, "राग मानू नको. पोर गुनाची हाय. पन ती नोकरी हळदीच्या आधी सोडायला लागल."

"का?"

"गावात लोक काय बोलतान म्हाईत हाय? उद्या नातवंडं पांगली झाली तर मी कुनाला तोंड दाखवू?"

"मामा, माझ्या बरोबरीच्या किती बायका तिथं काम करतात," रुचिका म्हणाली. "पोटुशी राहिली बाई की सांगायचं असतं, तिचा आकडा आणखी खाली ठेवतात. सगळं लिहिलेलं आहे."

"आनि तो कचरा? हजारो वर्सं जात न्हाय बोलतान."

रुचिका म्हणाली, "खरं आहे. लवकर न्हाय जात. सांभाळावा लागतो, पहारा ठेवावा लागतो. त्यात खोटं कशाला बोलू? धोका न्हाय असं मी कधी म्हणाले न्हाय. धोका मोजतात, एवढंच म्हणते."

"बग, तीच बोलली!" केसरीनाथांनी मांडीवर थाप मारली.

लडकू उठला. खिळ्यावरची सुतळी काढून आणली आणि चटईवर सोडली. तीनशेवर कपटे होते. दारापासून मोरीपर्यंत गेले, तिथून वळून केसरीनाथांच्या पायाशी आले.

"यो काय?"

"माजा बॅज. वाचा."

केसरीनाथांनी वाकून पाहिलं. बारा जानेवारी, करडा. तेरा जानेवारी, काळा. बोटाला काजळी लागली तशी त्यांनी चटईला पुसली.

"तिच्या कचऱ्यावर पहारा तरी हाय," लडकू म्हणाला. "माज्या कचऱ्यावर कोन बसलाय? तो तुमच्या बशीत हाय, व्याही. पापर बगा. त्याला माज्या पोरीचा हात न्हाय लागला. तुमच्या बायकांनी सांगितला, आमच्या बायनं पालला. पोरीला पायरीवर बसवली आनि पापर धुराड्याखाली सुकवले. खा."

हितेशनं हातातला पापड खाली ठेवला. केसरीनाथ लाल झाले.

"धूर तर तूच करतंस, लडकू! छत्तीस वर्सं कोन जालतंय कोलसा? मी?"

ही गोष्ट खरी होती, आणि खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होती. लडकूला खोकला आला. तो आटपेपर्यंत सगळे थांबले.

"मीच करतंय," तो म्हणाला. "म्हनून मीच मोजतंय. तुमच्या गोदामाला वीज लागतं, ती पन बरीच कोलशाचीच हाय, तुमी कवा मोजली? या गल्लीत दम्याचं मशीन लावल्याशिवाय किती पोरांना झोप येत न्हाय, ते मोजलंत? ती पोरं कुठल्या अणूनं तशी झाली? आमचं मरान डोल्यांना दिसतंय, म्हनून त्याला कोन भीत न्हाय. झटकायचा आनि डब्यात टाकायचा."

"तू माना शिकवू नको. नोकरी की लग्न, तेवरा सांग."

"माना काय इचारतंय? नोकरी तिची."

सगळे रुचिकाकडं वळले. ती हितेशकडं बघत होती. "तू बोल ना. साखरपुड्याला बोलला होतास, बोईसरला बदली मागेन म्हणून."

हितेशनं चहाच्या कपात बघितलं. "बाबा काय बोलतीन ते."

"झालं तर," रुचिका म्हणाली. "मी नोकरी सोडत न्हाय. उद्या माझी जनरल शिफ्ट आहे."

आत जाऊन तिनं साखरपुड्याची साडी आणली, वर अंगठी ठेवली आणि केसरीनाथांपुढं चटईवर मांडली, बरोबर काळ्या कपट्यांवर. केसरीनाथ ठकुबाईकडं वळले. मांडवात तिचा शब्द चालतो, इथंही चालेल असं त्यांना वाटलं असणार.

"आक्का, तू तरी समजव. तुज्या तोंडचा धवला मोडायला लागलाय."

ठकुबाईच्या हातात पापडाचा तुकडा होता. बोलणं चाललेलं असताना तिनं तो सवयीनं मांडीवर झटकला होता, आणि आता ती लुगड्यावर पडलेली काळी कणी बोटानं पुसत होती. पुसून ती आणखी पसरली.

"माज्या तोंडचा धवला माजा हाय, केसरीनाथ," ती म्हणाली. "पोरीला पायरीवर मी बसवली. तो माजा गाढवपना. आथा अजून एक न्हाय करनार. उचला साडी."

ते गेले. चंद्रा रडली, ते साहजिक होतं. लडकूनं कपटे गोळा केले, साडीखाली चुरगळलेले सरळ केले. रुचिका सोमवारी पहाटेच्या एसटीनं निघाली. जाताना डब्यातले पाच-सहा पापड कागदात बांधून घेतले. कशाला म्हणून चंद्रानं विचारलं तर म्हणाली, मैत्रिणींना दाखवते, आमच्या घरी रेडिएशन नसलेले पापड कसे असतात.

स्थळं नंतर आली आणि गेली. दोन तर तारापूरचं नाव ऐकूनच गेली. लडकूचा खोकला आहे तसाच आहे, बॉयलरही तोच. मालकाला तो आता दर आठवड्याला सांगतो, बॉयलर विजेवरपण चालतो, माझी पोर सांगते, विचारून बघा. मालक म्हणतो, वीज महाग. लडकू खिशावरचा कपटा दाखवतो आणि म्हणतो, "ह्यो फुकट हाय काय?"

त्याच वर्षी ज्येष्ठ लागायच्या आत मानकोलीत केसरीनाथांच्या पुतणीची हळद होती. धवलारीन ठकुबाईच, दुसरी आणायची कुठून? ती गेली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, आणि खांद्यावर सेफ्टी पिननं टाचलेला चार बोटं पांढरा कपटा. भिवंडीहून रिक्षानं येईतोवर तो करडा व्हायला लागला होता.

केसरीनाथ मांडवाच्या दारातच उभे होते. "आक्का, आज तरी काढ ते. पाव्हने बगतान."

"बगू दे," ठकुबाई म्हणाली, पाटावर बसली आणि पहिल्या देवाचं नाव घेतलं.