हिरव्या दोऱ्याच्या बिड्या

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. प्राणहितेवर पुलाचं काम चाललं होतं. आम्ही तळ्यात मासे धरणारी माणसं. पाण्याची भीती नाही, एवढ्या भांडवलावर मला पितळी टोप चढवून पुलाच्या पायाच्या खोल विहिरीत उतरवलं. तळाशी अडकलेले दगड-ओंडके काढायचे.

उतरणं सोपं, वर येणं अवघड. खोलात हवा रक्तात मुरते. एकदम वर आलं की सोड्याची बाटली फोडल्यागत ती सांध्यांत उसळते आणि माणूस लुळा होतो. म्हणून वाटेत दोनदा दोरीला लटकून थांबायचं. घड्याळ एकट्या साहेबाच्या मनगटावर, आणि साहेब कशाला नावेत बसतोय! आमचं माप बिडीचं. नावेत दोरी धरून बसलेल्यानं पहिल्या थांब्याला दोन ओढायच्या, दुसऱ्याला तीन, मगच दोरी वर ओढायची.

दोरी घरच्याच हातात असावी म्हणून मी हट्टानं साळ्याला कामावर लावला. बायको कारखान्याच्या बिड्या लाल दोऱ्यानं बांधायची, माझ्या मापाच्या या पाच तेवढ्या हिरव्या. रोज सकाळी मी त्या साळ्याच्या हातावर ठेवायचो.

त्या दिवशी अहेरीचा बाजार होता. दुसऱ्या थांब्याला जेमतेम टेकलो आणि दोरी ओढली गेली. इतक्यात तीन झाल्या? पण खाली वेळ कळत नाही. वर आलो तर काठावर बाजाराला जाणारा ट्रक भोंगा वाजवत होता.

"पाची वढल्या ना रे?"

"वढल्या ना भाऊजी! खोटं काऊन बोलू? चाला लवकर, ट्रक सुटून राह्यला."

तो बाजाराला गेला. तासाभरात माझ्या खांद्यात, गुडघ्यात कुणी पहार फिरवावी तशा कळा सुरू झाल्या. मुकादम म्हणाला, थांबा चुकला. मी आडवा पडल्या पडल्या त्याच्याशी भांडलो, "माहा साळा तसा नाई."

संध्याकाळी साळा परतला. मला कण्हताना पाहून त्याचं तोंड उतरलं. उशाशी बसून त्यानं खिशात हात घातला.

"घ्या भाऊजी, एक वढा. बरं वाटन."

बिडीला हिरवा दोरा होता.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि तेही एका ट्रकसाठी! ती बिडी त्याच्या तोंडावर फेकावी म्हणून मी हात उचलायला गेलो. हात उचललाच गेला नाही. त्याला वाटलं, मी मागतोय. त्यानंच ती पेटवून माझ्या ओठांत धरली.