दिवा मोठा करताना

फोन मीनूचा होता. "ताई, बाबा गए," एवढंच ती म्हणाली. मीनू म्हणजे माझ्या सरांची, डॉ. विनायक सोवनी यांची, एकुलती एक मुलगी. चंदीगडला जन्मलेली, मराठी सगळं कळणारी आणि उत्तर मात्र हिंदीत देणारी. लग्नानंतर ती सांगलीला आली, आज ती अस्खलित मराठी बोलते. पण ही बातमी तिला लहानपणीच्या भाषेतच देता आली. मी सोलापुरात माझ्या स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. "दिवाळी झाली की नक्की येते," असं मी सरांना दर वर्षी सांगत आले होते. यंदाही सांगितलं होतं. या गोष्टीला आता महिना होऊन गेला, तरी मेथीची जुडी हातात घेतली की मला तो फोन आठवतो.

आमच्या करमाळ्यात वडिलांची पिठाची गिरणी होती. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चंदीगडच्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत संशोधनाची जागा मिळाली तेव्हा चंदीगड नकाशात कुठे आहे हे शोधण्यापासून सुरुवात होती. पंजाबातल्या दहशतवादाच्या बातम्या रोज पेपरात यायच्या आणि आई मला सोडायला तयार नव्हती. सोवनी सर तिथे हाडांचे डॉक्टर होते. त्यांनी वडिलांना स्वतः लिहून कळवलं, की मुलगी आमच्या घरी राहील. गच्चीवरच्या एका खोलीत, तिकडे तिला बरसाती म्हणतात, मी चार वर्षं राहिले. जेवण खाली काकूंच्या हातचं. आज मी जी काही आहे ती त्या खोलीमुळे आहे.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या दिवाणखान्यात गेले आणि बसायचं कुठे हेच कळेना. नारळाच्या कवटीसारखी एक खुर्ची होती, संत्र्याच्या रंगाची. एकावर एक ठेवलेले पांढरे गोल डबे होते, ते कपाट निघालं. एका कोपऱ्यात अजगरासारखी वेटोळी घातलेली जाड पारदर्शक नळी होती. तिच्यात दिवे लागले तेव्हा मी दचकून मागे सरले. सर हसले. "बस गं, चावत नाही. सगळं इटलीचं आहे." तरुणपणी ते वर्षभर शिकायला मिलानला होते. तिथल्या दुकानाच्या काचेत त्यांनी ती खुर्ची पाहिली, एकाच साच्यात ओतलेली. "दिवसभर मोडके सांधे जोडणारा माणूस मी," ते म्हणायचे, "आणि समोर एकही सांधा नसलेली वस्तू! वेडच लागलं मला." चंद्रावर जायच्या त्या दिवसांत तिथल्या लोकांना वाटत होतं, की पुढचं जग असं गोल, हलकं, रंगीत असणार. मग ती फॅशन गेली. दिल्लीतली परदेशी कुटुंबं देश सोडताना या वस्तू अडगळ म्हणून विकायची आणि सर रविवारी बसने जाऊन त्या घेऊन यायचे. "त्यांनी भविष्यकाळ बनवला होता, सुमन. आपण तो सेकंडहँड घेतोय, इतकंच."

या वेडात त्यांना एकच साथीदार होता, सरदार अमरीकसिंग. इंडस्ट्रियल एरियात त्यांचा प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना होता. तडा गेलेल्या खुर्च्या ते तिथे नेऊन सांधून आणायचे आणि परत करताना दर वेळी डिवचायचे. "डाक्टर साब, सच दस्सो, ये कुर्सी है या किसी ने अंडा तोड़ के रख दिया?" सर म्हणायचे, "तुम बाल्टी बनाओ यार, कला तुम्हारे बस की नहीं." "बाल्टी में पानी तो आता है जी! इसमें तो बंदा भी नहीं आता." अमरीकसिंगजींचा देह मोठा होता. त्या खुर्चीत ते बसत, आणि उठताना खुर्चीही त्यांच्याबरोबर उठे. काकू तोंडाला पदर लावून आत जायच्या.

त्या घराचे काही नियम होते. उन्हाने प्लास्टिक पिवळं पडतं, म्हणून दिवाणखान्याच्या भिंतभर काचेवर दिवसा जाड पडदे असायचे. ऊन उतरलं की काकू ते पूर्ण उघडायच्या. सगळं शहर दिवेलागणीला पडदे ओढून घेई तेव्हा आमचे उघडलेले असत. खिडकीपाशी सरांचा सगळ्यात आवडता दिवा होता, पांढरा गोळा, आत फिरणारी दुसरी वाटी. वाटी फिरवली की उजेड चंद्रकोरीसारखा बारीक होई, आणखी फिरवली की पूर्ण झाकला जाई. उलट फिरवली की पौर्णिमा. एकदा त्याच्याजवळ बसून वाचून झाल्यावर मी सहज विचारलं, "सर, दिवा मोठा करू?" ते म्हणाले, "कर की." मी वाटी फिरवून तो मालवला. अंधारात ते म्हणाले, "अगं, हे काय?" मग मी त्यांना सांगितलं, की आमच्याकडे दिव्याला विझव, बंद कर, असं म्हणत नाहीत. अशुभ वाटतं. 'मोठा कर' म्हणतात. त्यांचं बालपण दिल्लीत गेलेलं, त्यांनी हे कधी ऐकलंच नव्हतं. केवढे खूश झाले! काकूंना हाक मारून सांगितलं. त्या काळात रोज कुठे ना कुठे माणसं मारली गेल्याची बातमी असे. अशा दिवसांत घरात एक तरी शब्द अभद्र नको, असं त्यांच्या मनाने घेतलं असावं. तेव्हापासून आमच्या घरात कोणी दिवा बंद केला नाही. आम्ही तिघं दिवे मोठे करायचो.

तिघंच, कारण मीनू तेव्हा तिथे नव्हती. वातावरण बिघडल्यावर तिला पुण्याला मावशीकडे शाळेत घातलं होतं. सुट्टीला ती घरी आली, चौदा-पंधरा वर्षांची, आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मागच्या गल्लीने अमरीकसिंगजी आले. पगडी धुळीने भरलेली. त्यांचा पुतण्या काही दिवसांपासून बेपत्ता होता आणि त्याच्यासाठी काकाला उचलायला पोलीस घरी येऊन गेले होते. "मैंने कुछ नहीं किया, डाक्टर साब. बस आज की रात." सकाळी वकिलाला घेऊन सर त्यांना स्वतः हजर करणार, असं ठरलं. दिवसाउजेडी, वकिलासमोर गेलं तर अंगाला हात लागत नाही, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ते त्या संत्र्याच्या रंगाच्या खुर्चीत बसले. काकू पाणी आणायला गेल्या. पडदे नेहमीच्या सवयीने उघडे होते, खिडकीतल्या दिव्याची फक्त कोर उजळलेली होती. रस्त्यावर गस्तीची जीप वळल्याचा आवाज आला. सर हलक्या आवाजात, घाईने म्हणाले, "मीनू, दिवा मोठा कर."

मीनू दिव्याजवळच होती. तिने वाटी फिरवली, पूर्ण उघडी.

दुकानाच्या काचेत वस्तू मांडावी तसे अमरीकसिंगजी त्या पांढऱ्या उजेडात बसलेले दिसले... मी दाराशी होते. माझ्या तोंडून "अगं" एवढंच निघालं. जीप पुढे जाता जाता थांबली.

पोलिसांनी नेलेले अमरीकसिंगजी परत आले तेव्हा उन्हाळा संपत आला होता. उजवा गुडघा मोडलेला होता. सरांनी तो स्वतः जोडला. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आल्यावर अमरीकसिंगजी त्यांना म्हणाले, "जोड़ आपको पसंद नहीं थे ना, डाक्टर साब? लो, अब सारी उमर जोड़ो." आणि हसले. सर खोलीबाहेर निघून गेले. दिव्याचं अमरीकसिंगजी कधी बोललेच नाहीत. सरांनीच एकदा विषय काढला तेव्हा म्हणाले, "बत्ती दा की कसूर जी," दिव्याचा काय दोष. पुढे ते मुलाकडे कॅनडाला गेले. तोवर दर रविवारी सर त्यांच्याकडे जात होते. दिल्लीच्या फेऱ्या मात्र कायमच्या बंद झाल्या. त्यानंतर सरांनी एकही वस्तू घेतली नाही.

मीनूला वाटत होतं, की जीप तशीही थांबणारच होती. ती पुण्याला परत गेल्यावर सरांनी मला गच्चीवर गाठलं. "तिला मराठी नीट येत नाही, हा तिचा दोष नाही. माझा आहे. तिला कधी कळू द्यायचं नाही." मी म्हटलं, "पण शब्द माझा होता, सर." ते म्हणाले, "शब्द चांगला आहे तुझा. त्याला नावं ठेवू नकोस." त्यांनी मला अपराधी वाटून घ्यायलासुद्धा मोकळीक दिली नाही. मी वचन दिलं आणि जन्मभर पाळलं. त्यांचे इतके उपकार होते, निदान एवढं तरी आपण फेडतोय, असं मला वाटायचं. गेल्या पावसाळ्यात फोनवर त्यांनी अचानक विचारलं, "सुमन, मीनूला सांगावं का गं?" मी घाईने म्हटलं, "नको सर, कशाला? तिला नाही कळणार कधी." "बरं," ते म्हणाले. मग सोलापुरात पाऊस कसा आहे, ते विचारलं.

दिवस झाल्यावर मी चंदीगडला गेले. काकू तर केव्हाच गेल्या, घर आवरायला मीनू एकटीच होती. पांढऱ्या डब्यांवरची धूळ पुसता पुसता ती मराठीत म्हणाली, "ताई, मला माहीत आहे." तिच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी तिच्या सासूबाई देवघरातून म्हणाल्या होत्या, "मीनल, दिवा मोठा झाला बघ, वात सार." "मैंने जाके देखा, दिया तो बुझा हुआ था." ती तिथेच, देवासमोर, खाली बसली होती. मी विचारलं, "मग बाबांना का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "वो इतने जतन से छुपा रहे थे, ताई... कैसे बताती?"

म्हणजे बाप मुलीला जपत होता आणि मुलगी बापाला. एकमेकांजवळ मोकळेपणी रडली असती, अशी दोन माणसं तीसेक वर्षं जपून बोलत राहिली. सरांना शेवटी तरी बोलायचं होतं, हे आता मला कळतं. मी त्यांना पाऊस कमी आहे म्हणून सांगितलं.

मीनूनेच मला हे लिहायला सांगितलं. ती म्हणाली, की त्या संध्याकाळनंतर बाबांनी घरात कुणालाही दिव्याला हात लावायला सांगितलं नाही. निजण्याआधी ते स्वतः खोल्याखोल्यांतून फिरायचे, शेवटी शेवटी काठी टेकत, प्रत्येक बटणापाशी थांबत. काकूंनी उठायचा प्रयत्न केला, तर "बस तू" म्हणायचे. निघायच्या दिवशी आम्ही दोघी तशाच फिरलो, एकेक दिवा मालवत. एक खोली तिने केली, एक मी. शेवटी दिवाणखाना राहिला, खिडकीपाशी तो पांढरा दिवा अजून उजळलेला. उंबऱ्यात उभ्या राहून आम्ही दोघी वाट पाहत होतो, दुसरीने काही म्हणावं म्हणून.