भिवा आणि भिवाजी

कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात ब्याण्णव साली कॉम्प्युटर आला आणि डोंबिवलीच्या सुहासिनीने त्यावर कामगारांच्या आरोग्य तपासणीचा प्रोग्राम लिहिला. नाव टाकलं की माणूस सापडायचा, निकालाचं पत्र छापून यायचं. तिला त्याचा फार अभिमान होता.

त्या वर्षी एक्स-रेत भिवा पाटीलच्या छातीत क्षयाचा डाग दिसला. पत्र मात्र गेलं भिवाजी पाटीलला. भिवाजीने आपणहून ताटवाटी वेगळी केली, अंथरूण ओट्यावर नेलं. महिन्याने त्याचा दुसरा एक्स-रे स्वच्छ आला, तेव्हा घोटाळा उघडा पडला. खरा भिवा तोवर खोकत कामावर येत होता. त्याचे उपचार तेव्हा कुठे सुरू झाले.

साहेबांनी विचारलं, "हे झालं कसं?"

"मालनने नाव चुकीचं टाइप केलं असणार," सुहासिनी बोलून गेली. नावं भरणारी मालन शेजारीच उभी होती. साहेबांनी तिला चार शब्द सुनावले.

दुपारी सुहासिनीने यादी ताडून पाहिली. मालनचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. चूक प्रोग्राममध्ये होती. शोधायचं नाव जिथे संपेल तिथेच तो तुलना थांबवायचा, पुढची अक्षरं बघायचाच नाही. यादीत आडनाव पुढे असायचं, आणि पाटलांमध्ये भिवाजी आधी भरलेला होता. त्यातलं 'पाटील भिवा' जुळलं, की झालं. नावं शेवटपर्यंत जुळव, असं सांगणारी एक ओळ लिहायची राहिली होती. मॅन्युअलमधलं ते पान तिने वाचलेलंही होतं.

ओळ तिने लगेच टाकली. साहेबांना सांगायला मात्र तीन दिवस घेतले.

"सुधारलंत ना? मग झालं," साहेब म्हणाले. मालनला त्यांनी काही बोलावून घेतलं नाही.

संध्याकाळी सुहासिनी भिवाजीच्या घरी गेली, सगळं सांगितलं. त्याची बायको ठमाबाई चहा घेऊन आली.

"कंपुटर चुकला, तुमी कशाला मनाला लावून घेता, बाय?" भिवाजी म्हणाला.

"कॉम्प्युटर नाही, काका. मी चुकले."

त्याने कपबशी खाली ठेवली. "नातू अजून लांबच उभा ऱ्हातो," म्हणाला. "बोलावला तरी जवल येत नाय."



दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिने मालनला गाठलं आणि चूक आपली होती हे सांगितलं.

"माहितीये मला," मालन म्हणाली. "नावं मी दोनदा तपासलेली."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही आधीच बोललात ना."

पुढे सात वर्षं दोघी एकाच खोलीत बसल्या. मालन कामापुरतं नीट बोलायची. सुहासिनीला मात्र तिच्याकडे बघून बोलणं कधी जमलं नाही.