पाचवीला साडी नेसवायची राहिली

इंदूवन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात घरी वांगी चिरत बसले होते. फोन त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा. ती स्वतःच आता आजी झालेली, पण रडताना आवाज मात्र आठवीतल्या मुलीचा... "आमच्या बाई गेल्या हो," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली वांगी चिरली. नव्वदीतल्या नणंदेसाठी पंच्याऐंशीच्या भावजयीनं काय करायचं असतं, ते मला सुचेना. भाजीत मीठ दोनदा पडलं. घरच्यांनी ती तशीच खाल्ली. महिना झाला त्याला. आता लिहायला बसले आहे, आणि वन्संबद्दल लिहायचं तर आधी माझा मूर्खपणा सांगणं भाग आहे. दोन्ही एकाच चौकटीत आहेत, आणि ती चौकट माझ्या समोरच्या भिंतीवर आहे.

मी एकोणीस वर्षांची, बार्शीटाकळीहून अकोल्याच्या वकिलांच्या घरात सून म्हणून आले, तेव्हा पन्नासचं दशक सरत आलं होतं. माझ्याजवळ एकच विद्या होती. देवादिकांची छापील चित्रं आणायची, आणि त्यातल्या लक्ष्मी-सरस्वतीला खऱ्या कापडाच्या साड्या चिकटवायच्या. जरीचे काठ, टिकल्यांचे दागिने, मोत्यांची नथ. मग वरून काच. माझ्या रुखवतात अशी सात चित्रं मांडली होती आणि वऱ्हाडातल्या बायका ती पाहायला रांगेनं आल्या होत्या. तेव्हापासून मी स्वतःला मोठी कलावंत समजत असे. त्यामुळे घरात खरी चित्रकार एक नणंद आहे, ही गोष्ट मला जरा जाचतच होती.

इंदूवन्सं माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठ्या. अमरावतीला मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायच्या, राजापेठेत खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी गाडीनं अकोल्याला यायच्या. एका शनिवारी त्या बगलेत एक मोठी फ्रेम घेऊन आल्या. पहिल्या पगारातून नागपूरला घेतलेलं चित्र, अमरावतीत फ्रेम करून आणलेलं. बैठकीत, आमच्या आजेसासऱ्यांच्या फोटोशेजारी त्यांनी ते स्वतः खिळा ठोकून लावलं. चित्रात एक मोठी खोली, काठी टेकून उभा असलेला एक म्हातारा, आणि पाच गोऱ्या मुली. दंड उघडे, पाठ उघडी, गुडघ्यापर्यंत फुगलेले पांढरे झगे. एक बुटाची नाडी बांधते आहे, एक जांभई देते आहे, कोपऱ्यातली एक तर चक्क हात मागे नेऊन पाठ खाजवते आहे! रंगही सगळे फिसकटलेले. मला वाटलं, छापखान्यात कागद ओला राहिला असावा.

"वन्सं, तुमाले फसवलं दुकानदारानं," मी म्हटलं. "रंग पसरले ना सारे."

"चार पावलं मागं ये," त्या म्हणाल्या. मी मागं गेले, आणि खरंच, त्या रंगाच्या फटकाऱ्यांच्या मुली झाल्या. पण ते कबूल कोण करतं?

सासूबाई पदर सावरत बाहेर आल्या. "हे काय नाचणाऱ्या बाया आणून टांगल्या बैठकीत?"

"नाचून नाही राहिल्या आई, शिकून राहिल्या. हा वर्ग आहे. ते गुरुजी आहेत. आमच्या शाळेतल्या मुलीपण अशाच पाठ खाजवतात."

सासूबाईंना ते काही पटलं नाही. त्यातून पुढच्या रविवारी अंजनगाव सुर्जीहून वन्संना पाहायला मंडळी यायची होती. स्थळ चांगलं, संत्र्याचे बगीचे, मुलगा वकिलीला लागलेला. अट एकच, मुलीनं लग्नानंतर नोकरी सोडायची. मामंजींनी हो कळवूनही टाकलं होतं. वन्संना विचारायचं कुणाला सुचलंच नाही. सासूबाईंनी चित्र खाली उतरवायला सांगितलं तेव्हा वन्सं शांतपणे म्हणाल्या, "चित्र उतरलं तर मी पोहे घेऊन बाहेर येणार नाही." आणि अमरावतीला निघून गेल्या.

आठवडाभर घरात धुसफूस. मला मात्र वाटलं, यातून वाट काढायला देवानं मलाच पाठवलं आहे. रविवारी दुपारी जेवणं झाली, सगळे आडवे झाले, आदल्या दिवशी परतलेल्या वन्सं आतल्या खोलीत वेणी घालत होत्या. मी फ्रेम काढली, मागचे खिळे उपसले, ओटीत आलेला हिरवा खण कापला, शालूचा उरलेला काठ घेतला, बाभळीचा डिंक भिजवलाच होता. एकेकीला कोपरापर्यंत बाह्यांची चोळी आणि पायघोळ नऊवारी नेसवली. बुटाची नाडी बांधणारीच्या हातात टिकल्यांच्या बांगड्या भरल्या. म्हाताऱ्याला जरीचा फेटा बांधला. चौघी झाल्या आणि सासूबाईंनी चहासाठी हाक मारली. पाचवी, ती पाठ खाजवणारी, तशीच राहिली. काच लावून चित्र भिंतीवर टांगलं आणि मी स्वतःवर इतकी खूश झाले की काय सांगू!

मंडळी आली. मुलाच्या आईची नजर पहिल्यांदा भिंतीवरच गेली. "अगं बाई, किती सुरेख साड्या नेसवल्यात! कोणाच्या हातचं हे?"

सासूबाई क्षणभर गोंधळल्या, पण माझ्या सासूबाईच त्या. "आमच्या इंदूच्याच हातचं," त्या म्हणाल्या. मुलाचे वडील चष्मा पुसून जवळ गेले. "आणि हे फेटेवाले कोण? पाटील का?"

नेमक्या त्याच वेळी वन्सं पोह्यांचं ताट घेऊन आल्या. त्यांनी वर पाहिलं. मी दाराआड उभी, कौतुकाची वाट पाहत... आणि वन्सं हसल्या. पाहायला आलेल्या मंडळींसमोर खाली मान घालायची, तिथं त्या ताट खाली ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "हे माझ्या हातचं नाही. हे आमच्या वहिनीचं. माझ्या हातचं काम पाहायचं तर अमरावतीच्या शाळेत या. ते मी सोडणार नाही, लग्न झालं तरी नाही."

पोहे तसेच राहिले. मंडळी गेली. संध्याकाळी वन्संनी फ्रेम उघडली, ओल्या कापसानं एका साडीचं टोक हलकेच उचललं, तर त्याच्याबरोबर खालचा रंगही निघाला. त्यांचा हात थांबला. त्या वेळी त्या हसत नव्हत्या.

"वन्सं, मी दुसरं आणून देईन," मी रडत म्हटलं.

"कुठून आणशील? बार्शीटाकळीहून?"

दुसऱ्या दिवशी त्या चित्र घेऊन गेल्या. पुढं स्थळं आली, पण त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली की परत गेली. मग यायचीच थांबली. आपण एका हुशार बाईचं आयुष्य डिंकानं चिकटवून बिघडवलं, हे मी मनात धरून बसले. दहा-बारा वर्षं. वन्सं तोवर मुख्याध्यापिका झाल्या होत्या. कुणाची मुलगी सातवीनंतर घरी बसवली की छत्री घेऊन तिच्या दारात जायच्या आणि बाप हो म्हणेपर्यंत उठायच्या नाहीत. सासूबाई राजापेठेत महिना-महिना राहायला लागल्या होत्या. शेजारीण आली की त्या चित्राखाली बसून सांगायच्या, "साऱ्या शाळेले माझी लेक सांभाळते." मी कानांनी ऐकलं आहे हे.

तिथंच एकदा मी धीर करून म्हटलं, "माझ्यामुळं तुमचं लग्न राहिलं."

वन्संनी हातातलं निवडणं थांबवलं. "वेडी आहेस का? गाडीत बडनेऱ्यापासून ते वाक्य घोकत आले होते मी. नोकरी सोडणार नाही, नोकरी सोडणार नाही. मूर्तिजापूर आलं, तोंडपाठ. घरी आले अन् घसा कोरडा. बाबांनी शब्द दिलेला, कशी बोलणार होते? ताट घेऊन आले ती मान खाली घालूनच. मग तुझ्या त्या बाया दिसल्या... हसले, अन् घसा मोकळा झाला." मग पुन्हा निवडायला घेत म्हणाल्या, "चित्राचं मात्र वाटोळं केलंस, ते केलंसच."

त्यानंतर दर दिवाळीला त्यांचा एकच प्रश्न, "वहिनी, पाचवीचं कधी?" आणि माझं एकच उत्तर, "खण पुरत नाही, वन्सं." खण होता. अजून पेटीत आहे.

तेराव्यानंतर त्यांच्या दोन विद्यार्थिनी ते चित्र जपून, जुन्या चादरीत गुंडाळून घेऊन आल्या. माझ्या बैठकीत लावलं आहे. डिंक पिवळा पडलाय, हिरवा खण विटून राखी झालाय, म्हाताऱ्याचा फेटा मात्र अजून ताठ. परवा नात म्हणाली, "आजी, नेसव ना आता त्या एकीला, सेट पूर्ण होईल." मी पेटीतला खण काढला, चष्मा लावला, चित्राजवळ गेले. मग चार पावलं मागं आले... आणि खण घडी करून ठेवून दिला.

काल नातसुनेची आई आली होती. चहा घेता घेता तिची नजर वर गेली. "अय्या, कोणाच्या हातचं हो हे?"

"त्या चौघी माझ्या हातच्या," मी म्हटलं. "आणि ती कोपऱ्यातली, पाठ खाजवणारी... ती आमच्या इंदूवन्संच्या हातची."