कोरी चौकट

कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्या थंडगार खोलीत चपला काढून शिरण्याचा मान मला मिळाला. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नागपूरहून सहा महिन्यांचा कोर्स करून आलो होतो, डोक्यात हवा गेली होती. माल पुरवणाऱ्यांना दर महिन्याला एक छापील कागद जायचा. पुढच्या महिन्यात किती माल देणार, तो आकडा त्यांनी चौकटीत भरून पाठवायचा, मी मशीनमध्ये टाकायचा, आणि त्यावरून मशीन ऑर्डर काढायचं.

पोंभुर्ण्याचा एक म्हातारा बुरड आम्हाला बांबूच्या टोपल्या द्यायचा. त्याच्याबरोबर चार घरं विणायला बसत, दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. त्याच्या पहिल्याच कागदावर अंगठा होता, चौकट मात्र कोरी. का कोरी, हे मला पक्कं ठाऊक होतं. हातात न आलेल्या मालाचा आकडा काढला की नजर लागते, असं आमच्याकडे मानतात. माझी आईसुद्धा मळणीआधी धानाचा आकडा कोणाला काढू देत नसे. विणून झाल्या की मोजून कळव, असं त्याला एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर भागलं असतं. पण साहेबाला हे सांगायची लाज वाटली, आणि खरं सांगतो, मजाही वाटली. मी शून्य दाबलं. मशीनने म्हाताऱ्याचं नाव यादीतून काढून टाकलं.

महिन्याभराने तो वाटेत मुक्काम करत, बैलबंडीत टोपल्या रचून फाटकावर आला. चौकीदाराने यादी पाहून त्याला अडवलं आणि मला बोलावलं.

"विनून झाल्याबिगर आकडा कसा काढू, भाऊ?" म्हातारा म्हणाला. "आता मोजून आनल्या. मशीनले सांगा ना, मी आलो म्हनून."

मी हसलो. चौकीदारही हसला.

"मशीन कोणाचं ऐकत नसतं," मी पुस्तकी मराठीत म्हणालो. घरी मीही मले-तुलेच बोलायचो.

"मंग त्या चार घरांले काय सांगू?"

मी घड्याळ पाहिलं. त्याने बंडीतून एक टोपली काढून माझ्या हातात दिली.

"तुमच्या मायले द्या. परत नेऊन काय करू?"

मी घेतली. निर्लज्जासारखी घेतली.

बाजारातून आणली, असं आईला सांगितलं. त्या वर्षी मळणी झाल्यावर तिने त्याच टोपलीने धान मोजलं. तोवर घरात कोणीच आकडा काढला नव्हता. मीही नाही.