साडूंच्या विमानातलं बिऱ्हाड

माणसानं आयुष्यात एकदा तरी स्वतःचं विमान घ्यावं, असं माझ्या साडूंचं मत आहे. आणि माणसानं चुकूनही विमानवाल्याचा साडू होऊ नये, असं माझं. नागपूरहून अमेरिकेतल्या बॉथेलला आलेल्या, दिवसभर लॅपटॉपपुढे बसणाऱ्या या गृहस्थांनी चार सीटांचं, वयानं त्यांच्याहून वडील असलेलं विमान घेतलं. त्याचा आनंद आम्हाला झाला त्याहून जास्त तिथल्या स्टार्लिंग पक्ष्यांना झाला. साळुंकीच्या गोतातली ही जात महाबिलंदर! आपण कॉफी पिऊन येईपर्यंत विमानाच्या नाकातल्या भोकातून शिरून इंजिनावर गवताची गादी घालून मोकळी. ते गवत हवेत पेटलं तर काय करणार, कप्पाळ? साडूंनी युद्धच पुकारलं. भोकांना स्पंजाची बुचं बसवली. प्लॅस्टिकचं घुबड आणलं, तर पक्षी त्याच्याच डोक्यावर बसू लागले. पंखावर रबरी साप टाकला, त्याला फक्त मी घाबरलो. प्रत्येक वेळी उडण्याआधी टॉर्च घेऊन वाकायचं आणि मूठमूठ गवत उपसायचं, हे माझ्याकडे. "यार, आजूबाजूला एवढी विमानं आहेत, यांना माझंच का सापडतं?" ते कळवळून विचारायचे.

यंदा मे महिन्यात त्यांच्या आई आल्या. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले. ही फेरी शेवटची, हे त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं. आईला एकदा आपल्या विमानातून फिरवायचं, हा साडूंचा ध्यास. पावसानं लागोपाठ तीन शनिवार कॅन्सल केले आणि उरला तो आई परत निघायच्या आदल्या दिवसाचा शनिवार. हवा स्वच्छ होती. साडूंनी विमानाच्या नाकाला कुंकू लावलं आणि ओंजळभर अक्षता उधळल्या.

"हे दर वेळी करतोस?" आईंनी विचारलं.

"तूच फोनवर बजावलंस ना, अक्षता टाकल्याशिवाय उडायचं नाही म्हणून!"

"अरे, चार दाणे म्हटलं होतं मी! तू तर पाखरांची पंगतच मांडलीस."

मला हसू आवरेना. साडू गोरेमोरे होऊन माझ्या हातातला टॉर्च घेऊन स्वतःच वाकले आणि तसेच राहिले. एक बूच सरकलेलं होतं. आत गवतात चार निळसर अंडी.

"काढून टाकतो," साडू म्हणाले, पण त्यांचा हात पुढे होईना.

"खबरदार!" आई कडाडल्या. "तिचा संसार मोडून मला नाही आभाळात जायचं."

"अगं, उद्या तुझी फ्लाइट आहे," साडू काकुळतीला आले.

"मग बसव ना आत. इथूनच फिरव."

आम्ही दोघांनी त्यांना हात देऊन सीटवर बसवलं, कानाला हेडफोन लावले. इंजिन बंद. साडू तासभर सांगत होते: हे तळं, तो बर्फाचा डोंगर, ते बघ आपलं घर. मध्येच आई म्हणाल्या, "वळण हळू घे रे," तेव्हा मागच्या सीटवर मी चक्क कलंडलो.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी आईंनी नागपूरच्या शेजारणीला फोन लावला. "अगं, काल यानं मला विमानातून फिरवलं, बरं का! वरून त्याचं घर इतकुस्सं दिसत होतं. आणि चालवतो किती जपून!"

साडू त्यांच्या बॅगेची चेन लावत होते. ते तिथंच आईच्या पायाशी बसले आणि हुंदके देऊन रडले. मलाही राहवलं नाही.