कादंबरी मी पूर्ण वाचली आहे

आपल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल ताईंनी या गटात लिहिले की, मी काल नेलेली कादंबरी आज न वाचताच परत केली. हे असत्य आहे. मी ती शेवटच्या पानापर्यंत वाचली.

आयुष्यभर मी इतिहास आणि चरित्रे वाचली. त्यांत चूक आढळली की लेखकाला पत्र धाडता येते. या कादंबरीतला बाप मुलाचे प्रत्येक वाक्य दुरुस्त करतो आणि अखेर एकटा उरतो. तीत मला एकही चूक आढळली नाही.

आज सकाळी मी ताईंकडे बाप नसलेली कादंबरी मागितली.

त्या हसल्या. "काकाजी, बिनबापाची कादंबरी कुठून आणून देऊ तुमाले?"

आपणांपैकी कोणास ठाऊक असल्यास कळवावे.

योग्य वार असे : कादंबरी सोमवारी घेतली. मंगळवारी संपवली. बुधवारी मुलाला फोन केला. त्याने उचलला नाही. आज, गुरुवारी, परत केली.